एक्सप्लेनर : कोरड्या दिवसांत झटका जास्त का बसतो? कूलोम यांनी १७८५ मध्येच मोजलं होतं

शिरोली एमआयडीसीत पावसाळाभर स्टॅटिकचा त्रास फारसा जाणवत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी मात्र ड्रममधून थिनर ओतताना ठिणगी पडण्याचा धोका वाढतो. हा ऋतूचा फरक आकड्यांत पकडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक होते चार्ल्स कूलोम. होय, बारावीच्या फिजिक्समधले तेच.

जन्म १४ जून १७३६, फ्रान्समधील अँगूलेमचा. पेशाने लष्करी इंजिनिअर. १७६४ पासून आठ वर्षं मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात गेली आणि तब्येत बिघडली, ती कायमची. मातीचा भिंतीवरचा दाब, घर्षण यांवरचं त्यांचं काम सिव्हिल-मेकॅनिकलवाले आजही शिकतात.

१७८५ मध्ये त्यांनी बारीक तारेच्या पिळावर चालणारा तराजू वापरून विद्युत बल मोजलं. अंतर दुप्पट झालं की बल चौथाई होतं. अडचण एकच, गोळीवरचा प्रभार गळायचा. दमट दिवशी जास्तच. कूलोम यांनी ती गळतीच मोजायला घेतली. मिनिटाला किती प्रभार कमी होतो आणि त्या दिवशी सोस्यूर यांचं केसावर चालणारं आर्द्रतामापक काय दाखवतं, हे ताडून पाहिलं. आधाराला लाख वापरली की गळती कमी होते, हेही टिपलं.

मोठा दोष मात्र त्यांनी हवेला दिला. दमट हवा स्वतः फारशी वीज वाहून नेत नाही. वस्तूंवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो, प्रभार त्यातून निघून जातो. हवा कोरडी झाली की प्लास्टिक, रबर, कापडावरचा हा थर जातो.

माणसाला झटका जाणवतो साधारण ३,००० व्होल्टला. टोल्युईनची वाफ पेटायला त्याहून कमी ऊर्जा पुरते. म्हणजे जाणवलेला झटका थिनरजवळ बसणं धोक्याचंच. पावसाळ्यावर भरवसा ठेवूनही चालत नाही. पाइपमधून वाहणाऱ्या थिनरला बाहेरच्या ओलाव्याचा उपयोग नसतो. ड्रम आणि डबा दोन्ही धातूचे, एकमेकांना तारेने जोडलेले आणि अर्थिंग केलेले हवेत, बाराही महिने.

क्रांतीच्या धामधुमीत कूलोम पॅरिस सोडून ब्लुआजवळ राहिले, नंतर परतले. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. १८८१ मध्ये प्रभाराच्या एककाला त्यांचं नाव मिळालं. थिनरची वाफ पेटायला त्या एककाचा दहा लाखावा भागही पुरतो.