जोतीरावांचे मित्र

आपल्या शहरात औरंगपुऱ्यात महात्मा फुले यांचा पुतळा आहे. तुम्ही तो पुष्कळदा पाहिला असेल. त्यांच्या शाळेतील मित्रांची ही हकीकत आहे.

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ साली झाला. वडील गोविंदराव जातीने माळी. पुण्यात त्यांचा फुलांचा धंदा होता. आई जोतीरावांच्या लहानपणीच वारली. माळ्याच्या मुलाने शिकावे, हे त्या काळी पुष्कळांना पसंत नव्हते. लोकांचे ऐकून गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. त्यांच्या शेजारी गफार बेग मुनशी नावाचे विद्वान गृहस्थ राहत. मुलगा हुशार आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी आणि लेजिट नावाच्या एका साहेबांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव मिशनच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागले. तेव्हा त्यांचे लग्नसुद्धा झालेले होते!

शाळेत त्यांची सदाशिव बल्लाळ गोवंडे याच्याशी मैत्री झाली. मोरो विठ्ठल वाळवेकर हाही त्यांचा मित्र झाला. ही मुले ब्राह्मण होती. गोवंड्यांच्या घरी गरिबी होती, पण जातीचा मान होता. जोतीरावांच्या घरी खायला-प्यायला कमी नव्हते, पण तो मान नव्हता. मुलांनी याचा विचार केला नाही. ती एकत्र अभ्यास करीत, वाचीत आणि वाद घालीत.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राने जोतीरावांना लग्नाचे आमंत्रण दिले. जोतीराव आनंदाने वरातीत चालू लागले. इतक्यात कोणीतरी त्यांना ओळखले. शूद्र असून आमच्या बरोबरीने चालतोस, असे म्हणून त्याने त्यांचा अपमान केला. जोतीराव रडवेले होऊन घरी आले. पेशवाईत याहून मोठी शिक्षा झाली असती, असे सांगून वडिलांनी त्यांना गप्प केले. जोतीरावांचे समाधान झाले नाही.

पण त्यांनी आपले मित्र सोडले नाहीत. त्या वेळी गोवंडे अहमदनगरला नोकरी करीत होते. जोतीराव त्यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. पुण्याला परत आल्यावर त्याच वर्षी त्यांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. जागा ब्राह्मणाची आणि शाळा माळ्याची! लोक खवळले. १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांना वडिलांचे घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख या मित्राने त्यांना आपल्या घरात जागा दिली.

पुढे महार, मांग वगैरे लोकांच्या मुलांना शिकवण्यासाठी जोतीरावांनी एक मंडळी स्थापन केली. तिच्या कामात गोवंडे आणि वाळवेकर त्यांच्याबरोबर होते.