झाँ मेर्मोझ

झाँ मेर्मोझ (९ डिसेंबर १९०१ – ७ डिसेंबर १९३६) हे फ्रेंच वैमानिक होते. फ्रान्स व दक्षिण अमेरिका यांना जोडणाऱ्या हवाई टपालमार्गाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

प्रारंभिक जीवन

मेर्मोझ यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील ओबाँतों या गावी झाला. १९२० साली ते सैन्यात दाखल झाले व पुढील वर्षी वैमानिक झाले. नंतर त्यांची नेमणूक सीरियात झाली. तेथील वाळवंटावर त्यांनी दीड वर्षात सुमारे ६०० तास उड्डाण केले. १९२४ मध्ये सैन्य सोडून ते पॅरिसला आले, तेव्हा हा अनुभव त्यांना तत्काळ नोकरी मिळवून देऊ शकला नाही. पडेल ते काम करून त्यांनी काही महिने हलाखीत काढले.

लातेकोएर कंपनीतील उमेदवारी

त्याच वर्षी तुलूझजवळील मोंतोद्राँ येथील लातेकोएर कंपनीने त्यांना चाचणीसाठी बोलावले. मेर्मोझ यांनी हवेत कसरती करून दाखवल्या. परंतु संचालन अधिकारी दिदिए दोरा त्यामुळे नाराज झाले. टपाल वाहणाऱ्या कंपनीला कसरतपटू नव्हे, तर नियमितपणे ये-जा करणारा वैमानिक हवा होता. मेर्मोझ यांना साधे उड्डाण व साधे अवतरण करून दाखवावे लागले. निवड झाल्यावरही कंपनीच्या रिवाजानुसार त्यांना प्रथम यंत्रशाळेत इंजिनांचे सिलिंडर धुण्याचे काम मिळाले. त्यानंतरच त्यांच्याकडे स्पेनच्या मार्गावरील टपाल सोपवण्यात आले.

टपालमार्गावरील कार्य

१९२६ मध्ये कासाब्लांका–डकार मार्गावर इंजीन बिघडल्याने त्यांना वाळवंटात उतरावे लागले. स्थानिक टोळीने त्यांना कैद केले व खंडणी घेऊन सोडले. १९२७ च्या अखेरीस ते दक्षिण अमेरिकेत गेले. आगगाडी व जहाज रात्रीही चालत असल्याने, विमान रात्री थांबले तर दिवसा वाचवलेला वेळ वाया जाई. म्हणून १९२८ मध्ये त्यांनी रिओ दि जानेरो व ब्युनोस आयर्स यांदरम्यान रात्रीची टपाल उड्डाणे सुरू केली. १९२९ मध्ये अँडीज पर्वतात सुमारे ४,००० मीटर उंचीवर त्यांचे विमान अडकले. सोबतचे यंत्रज्ञ कोलनो यांनी ते दुरुस्त केले आणि दोघे सुखरूप परतले.

अटलांटिक महासागरावरून टपाल नेण्यासाठी सागरी विमान निवडण्यात आले. त्याचा स्वतंत्र परवाना आवश्यक असल्याने अनुभवी मेर्मोझ पुन्हा परीक्षार्थी झाले. १२–१३ मे १९३० रोजी त्यांनी दाब्री व जिमिए या सहकाऱ्यांसह सेनेगलमधील सेंट लुई ते ब्राझीलमधील नाताल हे अंतर सुमारे २१ तासांत पार केले.

मृत्यू

७ डिसेंबर १९३६ रोजी ‘क्रॉआ द्यू स्यूद’ हे चार इंजिनांचे सागरी विमान घेऊन ते डकारहून निघाले. पंख्यात दोष आढळल्याने ते परत आले आणि दुरुस्तीनंतर पुन्हा निघाले. उजवीकडचे मागील इंजीन बंद करत असल्याचा संदेश सकाळी पावणेअकराच्या सुमारास आला. त्यानंतर विमानाचा व पाचही जणांचा शोध लागला नाही. मेर्मोझ यांना पस्तिसावे वर्ष पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले.