पुरावा मागणारे तेलंग

आमच्या बुऱ्हाणपुरात कोणालाही विचारा, ताजमहाल आधी इथेच ताप्तीकाठी बांधायचा होता असं तो ठासून सांगेल. कशावरून, असं विचारलं तर सगळेच म्हणतात, हाच पुरावा! वादविवाद स्पर्धेत आपलंही बऱ्याचदा असंच होतं. म्हणून काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांची ही ओळख.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून एम.ए., एलएल.बी. झाले आणि १८७२ मध्ये हायकोर्टात वकिली करू लागले. त्याच सुमारास जर्मन पंडित वेबर यांनी असं मांडलं होतं की रामायणातले काही प्रसंग होमरवरून घेतलेले असावेत : हेलनसारखं सीतेचं हरण, ट्रॉयसारखा लंकेचा वेढा. १८७३ मध्ये तेलंगांनी पुस्तिका लिहून उत्तर दिलं. ते चिडले नाहीत. दोन गोष्टी सारख्या दिसतात एवढ्यावरून एकीने दुसरीचं घेतलं असं ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. आधी दोन्हींचा काळ ठरवा, मग बोला.

दुसरा वाद गीतेचा. लॉरिन्सर या जर्मन कॅथलिक धर्मपंडिताने गीता आणि नवा करार यांतल्या मिळत्याजुळत्या वचनांची लांबलचक यादी करून गीतेवर बायबलची छाप असल्याचा दावा केला. मी स्वतः कॅथलिक. खरं सांगते, या दाव्याबद्दल वाचलं तेव्हा मला आतून बरंच वाटलं. मग तेलंगांचं उत्तर वाचलं. १८७५ च्या आपल्या गीता-अनुवादाच्या प्रस्तावनेत त्यांनी दाखवलं की तसेच विचार आधीच्या उपनिषदांत सापडतात. मग उसनवारी मानायची गरजच काय? गीतेचा त्यांनी ठरवलेला काळ आज सगळ्यांना मान्य नाही, पण तपासायची रीत टिकली. आपल्याला आवडणारा पुरावाच जास्त कडक तपासायचा, हे मी तिथे शिकले.

१८८२ मध्ये मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेत त्यांचा गीतेचा गद्य अनुवाद आला. १८८९ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. समाजसुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्या तेलंगांनी घरच्यांच्या आग्रहापुढे नमून आपल्या लहानग्या मुलीचं लग्न लावून दिलं. लोकांनी टीका केली, आणि ती योग्यच होती. पण त्यामुळे रामायणावरचा किंवा गीतेवरचा त्यांचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. माणूस आणि मुद्दा वेगवेगळे तपासावे लागतात.

१ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

पुढच्या वेळी स्टेजवर चढताना हातातल्या कागदाला तीन प्रश्न विचारूया. हे कोणी सांगितलं? कधी सांगितलं? आणि याचं दुसरं कारण असू शकतं का? उत्तर मिळालं नाही, तर तो मुद्दा खालीच ठेवलेला बरा.