भास्कराचार्य आणि व्याजाचे गणित

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते, याविषयी विद्वानांचे एकमत नाही. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत. लीलावती ही त्यांची कन्या व तिचा विवाहमुहूर्त घटिकापात्रामुळे टळला, ही कथा गोड आहे. पण तिचा आधार फैजीच्या १५८७ मधील फार्सी भाषांतरापलीकडे जात नाही. आम्हांस त्या कथेपेक्षा ग्रंथातील सावकार अधिक बोलका वाटतो.

दरमहा शेकडा पाच दराने दिलेली रक्कम वर्षाअखेर व्याजासह हजार झाली, तर मुद्दल किती? ‘लीलावती’च्या वाटेने जाणारा विद्यार्थी आधी शंभर मुद्दल कल्पितो. वर्षाचे व्याज साठ, मिळून एकशे साठ. मग त्रैराशिकाने मुद्दल ६२५ व व्याज ३७५. ‘बीजगणिता’ची वाट निराळी. तेथे अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणून तिचे ‘या’ हे आद्याक्षर मांडावयाचे. मुद्दल ‘या’, व्याज ‘या’चे तीन पंचमांश आणि दोहोंची बेरीज हजार. उत्तर तेच, परंतु येथे काही कल्पून पाहावे लागत नाही, जे ठाऊक नाही त्यालाच नाव देऊन कामाला लावता येते. अज्ञाते अनेक असली की काळक, नीलक, पीतक असे रंग मदतीला येतात.

दुसरे उदाहरण याहून कसाचे आहे. ९४ निष्कांचे तीन भाग करून ते दरमहा शेकडा पाच, तीन व चार दरांनी अनुक्रमे सात, दहा व पाच महिने गुंतविले. तिन्हींचे व्याज सारखेच आले. भाग निघतात २४, २८ आणि ४२. प्रत्येकाचे व्याज ८ पूर्णांक २ पंचमांश. सर्वांत मोठा भाग सर्वांत चढ्या दराचा नाही, हे पाहून विद्यार्थी प्रथम गोंधळतो. दर एकटा काही सांगत नाही, त्याला मुदतीने गुणावे लागते, हे मग त्याचे त्यालाच उमगते.

६९ व्या वर्षी आचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या पदरी राहिला, नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चांगदेवाने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. त्याच्या खर्चाची तरतूद तेथील शिलालेखात कोरलेली आहे. लेख संस्कृतात आहे, पण बाजारातील मालावरचे हक्क आणि प्रत्येक घाण्यामागे मठाला द्यावयाचे पळीभर तेल यांचा हिशेब मराठीत आहे.