रेव्हरंड डॉक्टर स्टीफन हेल्स

पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की, ज्याने एकदा देवाच्या सेवेस वाहून घेतले त्याने शास्त्राच्या खटाटोपात पडू नये. आणि ज्याला मोजण्यातोलण्याची गोडी लागली त्याच्या हृदयात भक्तीस जागा उरत नाही. ह्या दोन्ही समजुती किती पोकळ आहेत हे ज्यांच्या आयुष्यावरून उघड दिसते, अशा एका इंग्रज पाळकाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉक्टर रोग्याच्या दंडास पट्टा बांधून रक्तदाब पाहतात, हे लहान मुलासही ठाऊक असते. रोगी अत्यवस्थ असला, किंवा मोठी शस्त्रक्रिया चालू असली, म्हणजे एवढ्याने भागत नाही. मग त्याच्या मनगटाजवळील धमनीत एक बारीक नळी घालतात. ह्या नळीस कॅथेटर म्हणतात. नळीतील द्रवातून रक्ताचा दाब एका पातळ पडद्यापर्यंत पोचतो. पडद्याच्या हालचालीचे रूपांतर विजेच्या संकेतात होते. आणि उशाशी ठेवलेल्या यंत्रावर ठोक्याठोक्यास रेषा उमटत जाते. रेषा खाली येऊ लागली की, रोग्याने हूं की चूं करण्यापूर्वीच परिचारिका सावध होते. ह्या साऱ्या साधनसामग्रीचा आरंभ कोणत्याही मोठ्या रुग्णालयात झाला नाही. तो झाला थेम्स नदीच्या काठी एका खेडेगावात, आणि तो करणारे गृहस्थ वैद्य नव्हते. ते त्या गावच्या मंडळीचे पाळक होते.

स्टीफन हेल्स ह्यांचा जन्म इंग्लंडातील केंट परगण्यात, बेक्सबोर्न येथे, ता. 17 सप्टेंबर 1677 रोजी एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. 1696 साली ते केंब्रिज येथे विद्याभ्यासास गेले व 1703 साली आपल्या कॉलेजचे फेलो झाले. त्या वेळी सर आयझॅक न्यूटन ह्यांच्या ग्रंथांनी केंब्रिजचे सारे वातावरण भारून गेले होते. ग्रहांचे भ्रमण जर नियमांनी व अंकांनी बांधलेले आहे, तर वृक्षांतील रस व प्राण्यांतील रक्त तरी नियमावाचून कसे वाहील, असा प्रश्न हेल्स ह्यांच्या मनात उभा राहिला. विल्यम स्टुकली नावाचा एक तरुण विद्यार्थी त्यांचा स्नेही होता. दोघे मिळून रानोमाळ वनस्पती गोळा करीत, बेडूक व कुत्री चिरून पाहत, फुप्फुसाच्या नळ्यांत शिसे ओतून त्यांचा साचा काढीत. ग्रहांची गती दाखविणारे एक पितळी यंत्रही हेल्स ह्यांनी त्याच काळी तयार केले होते.

1709 साली लंडनच्या पश्चिमेस टेडिंग्टन ह्या गावी पाळक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि पुढे बावन्न वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी तेच काम केले. 1720 साली त्यांचा विवाह झाला. पण पुढच्याच वर्षी पत्नी निवर्तली. मूलबाळ नव्हते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

टेडिंग्टन येथेच त्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. रक्त शरीरातून फिरते व हृदय हे त्याचे पंप आहे, ही गोष्ट विल्यम हार्वी ह्यांनी 1628 साली सिद्ध करून ठेविली होती. परंतु ह्या पंपाचा जोर किती, हे मोजून पाहण्याचे कोणास सुचले नव्हते. हेल्स ह्यांनी एक घोडी घेतली. ती सुमारे चौदा वर्षांची असून तिच्या मानेच्या मुळाशी नासूर झालेला होता. अशी निकामी जनावरे त्या काळी मारूनच टाकीत. तिला उताणी बांधून त्यांनी तिच्या मांडीची धमनी उघडली व तीत एक षष्ठांश इंच पोकळीची पितळी नळी बसविली. तिला दुसऱ्या पितळी नळीने नऊ फूट लांबीची काचेची नळी जोडून ती उभी धरली. धमनीवरील बंध सोडताच रक्त काचेत चढू लागले. प्रथम ते झपाट्याने चढले, मग प्रत्येक ठोक्यागणिक थोडे थोडे वर सरकत गेले, आणि हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या पातळीपासून 8 फूट 3 इंच उंचीवर जाऊन ठोक्यांबरोबर दोन दोन, तीन तीन इंच खालीवर होत राहिले. जिवंत प्राण्याच्या रक्ताचा दाब मनुष्याने डोळ्यांनी पाहून आकड्यांत लिहिला, तो प्रथम येथे. आजच्या रीतीप्रमाणे पाऱ्यात सांगावयाचे तर हा दाब सुमारे 190 मिलिमीटर भरतो.

हेल्स एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मापून रक्त काढावे, पुन्हा नळी जोडावी, आणि उंची किती उतरली ते टिपून घ्यावे, असा क्रम चालविला. रक्त जाते तसतसा दाब कसा पडतो, श्वास कसा बदलतो, अंगास घाम केव्हा सुटतो, हे सर्व त्यांनी कोष्टकात मांडले. त्याचा शेवट घोडीच्या मृत्यूत झाला. पुढे त्यांनी इतर घोड्यांवर व कुत्र्यांवरही प्रयोग केले. शिरांतील दाब धमन्यांतील दाबाहून पुष्कळच कमी असतो हे दाखविले. हृदयाच्या जवनिकेत मेण ओतून तिच्यात रक्त किती मावते ते मोजले, आणि त्यावरून हृदय एका मिनिटास किती रक्त ढकलते ह्याचा हिशेब केला. एका प्रयोगात जनावर हिसडा देई व काच फुटण्याचे भय वाटे, म्हणून त्यांनी दोन नळ्यांच्या मध्ये हंसाच्या जातीच्या पक्ष्याची श्वासनलिका जोडून सांधा लवचिक केला. आज रोग्याच्या हातापासून यंत्रापर्यंत जी मऊ नळी जाते, तिची ही पणजी म्हणावी. मनुष्याच्या धमनीतील रक्त साडेसात फूट चढेल, असा त्यांनी केलेला अंदाज मात्र पुढील मोजणीत फार जास्त ठरला; निरोगी मनुष्यात ते पाच फुटांच्या आसपासच चढेल.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या काळी भूल देण्याची विद्या नव्हती. ईथरची भूल जगापुढे आली ती 1846 साली. तेव्हा त्या मुक्या प्राण्याने जे सोसले ते शुद्धीवर राहून सोसले. सुप्रसिद्ध कवी अलेक्झांडर पोप हे जवळच ट्विकनॅम येथे राहत. हेल्स ह्यांच्या सौजन्यावर त्यांचा लोभ होता. त्यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून हेल्स ह्यांचीच सही आहे. तरीही हा भला मनुष्य प्राण्यांस चिरतो, हे पोप ह्यांस मुळीच खपत नसे. खुद्द हेल्स ह्यांनाही ह्या कामाची शिसारी आली. त्यांनी ते अनेक वर्षे बाजूस ठेविले व आपले चित्त वनस्पतींकडे वळविले.

तेथेही मोजमाप सुटले नाही. एकदा द्राक्षवेलीची फांदी छाटली असता तिच्यातून रस गळू लागला. तो थांबावा म्हणून त्यांनी छाटलेल्या टोकावर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा घट्ट बांधला, तो रसाच्या जोराने ती पिशवी ताणून फुगली! गळती थांबविण्यास निघालेल्या पुरुषास नवीन शोधाची वाट सापडली. त्यांनी वेलीस काचेची नळी जोडली व मोजून पाहिले. वसंत ऋतूत वेलीतील रसाचा जोर घोड्याच्या मांडीच्या धमनीतील रक्ताच्या जोराच्या जवळजवळ पाचपट आढळला. साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड कुंडीसह रोज तोलून त्यांनी असे काढले की, आकारमानाच्या प्रमाणात पाहता ते मनुष्याच्या सतरापट पाणी बाहेर टाकते. हा ग्रंथ 1727 साली छापला गेला. त्यास रॉयल सोसायटीचे अध्यक्ष ह्या नात्याने न्यूटन ह्यांची संमती मिळाली होती. रक्ताविषयीचा ग्रंथ 1733 साली त्याचा दुसरा भाग म्हणून निघाला. निर्माणकर्त्याने सारी सृष्टी संख्येने, वजनाने व मापाने रचिली आहे. तेव्हा तिचे मोजमाप करणे ही त्याच्या ज्ञानाची स्तुतीच होय, अशी हेल्स ह्यांची श्रद्धा होती.

1739 साली रॉयल सोसायटीने त्यांस कॉप्ली पदक अर्पण केले. पण ज्ञान मिळाले की पाळकाचे मन तेवढ्याने शांत होत नाही. प्राण्यांच्या श्वासाचा अभ्यास करताना कोंदट हवा जिवास कशी मारक होते हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या काळी तुरुंगांत व जहाजांत माणसे दाटीवाटीने कोंडलेली असत व कारागृहज्वराने पटापट मरत. हेल्स ह्यांनी मोठे भाते बनवून हवा आत ढकलण्याची व बाहेर काढण्याची योजना केली. तिचे वर्णन त्यांनी 1741 साली रॉयल सोसायटीपुढे ठेविले. पुढे न्यूगेटच्या तुरुंगात, रुग्णालयांत व आरमारी जहाजांत ही यंत्रे बसली, आणि जेथे ती चालली तेथे मृत्यू कमी झाले असे दिसून आले. तो ज्वर उवांपासून पसरतो हे शार्ल निकोल ह्यांनी दाखविले ते 1909 साली. म्हणजे हेल्स ह्यांची कारणमीमांसा अपुरी होती. तथापि ज्यांची कोणास पर्वा नव्हती त्या कैद्यांच्या श्वासाची त्यांनी चिंता वाहिली, हे खोटे ठरत नाही.

त्या वेळी इंग्लंडातील गरीब लोक जिन नावाच्या दारूने उद्ध्वस्त होत होते. हेल्स ह्यांनी 1734 साली आपले नाव न घालता एक छोटे पुस्तक लिहून दारूबाजांस स्नेहाने सावध केले, व 1736 च्या जिनविरोधी कायद्यास जोराचा पाठिंबा दिला. आपल्या गावास चांगले पाणी मिळावे म्हणूनही ते झटले. ते पाणी 1754 साली आले, तेव्हा सेकंदाचा लंबक तीनदा हलतो तेवढ्या वेळात दोन क्वार्टांचे भांडे भरते, अशी नोंद त्यांनी मंडळीच्या वहीत करून ठेविली! ज्या वहीत बाप्तिस्मे, लग्ने व दफने लिहावयाची, तीतच ही नोंद पाहून वाचकांस हसू येईल. पण गावच्या पोरांस मिळणारे पाणी त्यांस तितकेच पवित्र वाटत होते.

राजघराण्याची त्यांजवर मर्जी होती. राजपुत्र फ्रेडरिक त्यांचे प्रयोग पाहण्यास येत असत; त्यांच्या मृत्यूनंतर, 1751 साली, त्यांच्या विधवा राजकन्या ऑगस्टा ह्यांनी हेल्स ह्यांस आपले धर्मगुरू नेमिले. विंडसर येथील मानाची जागा त्यांस देऊ केली असता त्यांनी ती नाकारून आपले खेडे सोडले नाही. ता. 4 जानेवारी 1761 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले. टेडिंग्टनच्या मंदिराच्या मनोऱ्याखाली त्यांची कबर आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजकन्या ऑगस्टा ह्यांनी त्यांचे स्मारक उभारिले.

त्यांनी लाविलेले रोप वाढत गेले. नऊ फुटांची काच रोग्याच्या खाटेजवळ कोण उभी करणार? म्हणून 1828 साली फ्रान्सातील प्वाझय ह्यांनी पारा वापरून उंची आटोक्यात आणिली. 1847 साली जर्मनीतील कार्ल लुडविग ह्यांनी फिरत्या कागदावर दाबाची रेषा काढणारे यंत्र रचिले. 1896 साली इटलीतील रिव्हा-रोच्ची ह्यांनी दंडाचा पट्टा काढून धमनी न उघडताच दाब मोजला, आणि 1905 साली रशियातील कोरोत्कोव्ह ह्यांनी नळी कानास लावून धमनीचे आवाज ऐकण्याची रीत घातली. 1929 साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे व्हेर्नर फोर्समन ह्या तरुण डॉक्टराने कोपराजवळील शिरेतून 65 सेंटिमीटर नळी स्वतःच्याच हृदयापर्यंत सारली व क्ष-किरणांच्या खोलीत चालत जाऊन तिचे छायाचित्र घेवविले. आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स ह्या दोघांनी अमेरिकेत ती रीत पुढे नेली, आणि 1956 साली तिघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. 1970 साली स्वान व गान्झ ह्यांनी टोकाशी इवलासा फुगा असलेले कॅथेटर प्रसिद्ध केले. ते रक्ताच्या ओघाबरोबर वाहत हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत जाते व तेथील दाब कळविते.

ह्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? मोजण्याची सवय घ्यावी, हे तर खरेच. अंदाजाने बोलणारा मनुष्य दहादा चुकतो, मोजून बोलणारा आपली चूकही दुसऱ्यास सुधारता येईल अशी मांडून ठेवितो. परंतु ह्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. त्या घोडीच्या वेदनेचा विसर पडू देता कामा नये. आपल्या देशात प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा कायदा 1960 साली झाला, आणि प्रयोगासाठी प्राणी वापरण्यावर त्याने बंधने घातली, हे उचितच झाले. हेल्स ह्यांनी जे केले ते पुन्हा त्याच रीतीने करण्याचा अधिकार कोणास नाही. मात्र जे ज्ञान एका जिवाच्या यातनेतून आपल्या हाती आले ते आपल्यावर ऋण आहे, असे मानण्याचा धडा त्यांच्याच पुढील आयुष्याने आम्हांस दिला आहे. कैद्याच्या कोठडीत हवा, खेड्यात पाणी, दारूबाजाच्या घरी शुद्ध, ह्यांसाठी ते म्हातारपणापर्यंत खपले. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे व ज्यांचे डोळे त्या यंत्रावरील रेषेकडे लागलेले आहेत, त्यांस हे ऋण कोणी समजावून सांगावयास नको. आमच्या शाळेतून जी मुले व मुली पुढे वैद्य, परिचारिका वा शास्त्रज्ञ होतील, त्यांनी आपल्या हातातील प्रत्येक साधनामागे कोणी तरी काही तरी सोसले आहे हे स्मरावे, आणि त्या साधनाने दया करावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.