विवेकी वैज्ञानिक डॉ. विक्रम साराभाई

डॉ. विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या जैन उद्योगपती घराण्यात झाला. १९६३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली थुंबा येथून संशोधनासाठी पहिला अग्निबाण झेपावला. १९६६ साली ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. चीनच्या १९६४ च्या अणुस्फोटानंतर देशात अणुबॉम्बची मागणी जोर धरत होती. साराभाईंनी तिला विरोध केला व स्फोटाच्या पूर्वतयारीचे काम थांबविले. देशाची सुरक्षितता आर्थिक विकासावरही अवलंबून असते, अशी त्यांची धारणा होती. ३० डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले. १९७४ साली पोखरणला स्फोट झाला; अग्निबाणविद्येतून पुढे ‘अग्नी’ क्षेपणास्त्रही साकारले. विद्येचा भावी वापर निर्मात्याच्या हाती नसतो. स्वतःच्या हातून काय घडू द्यावयाचे, हे मात्र असते. तो विवेक साराभाईंनी अधिकारपदावरही जपला.