तपकिरीची कुपी आणि बादशहा कांगशी

राजांची थोरवी आपण बहुधा त्यांच्या लढायांवरून मोजतो. चीनचा बादशहा कांगशी याने लढायाही पुष्कळ जिंकल्या. परंतु आम्ही येथे त्याच्याकडे पाहणार आहोत ते एका इवल्याशा वस्तूच्या द्वारे. ती वस्तू म्हणजे मुठीत मावणारी, तपकीर ठेवण्याची काचेची कुपी. जगभरचे संग्राहक आज ज्या जुन्या कोरीव कुप्या जिवापाड जपतात, त्यांची वंशावळ शोधू गेल्यास ती या बादशहाच्या दरबारापाशी पोचते.

कांगशीचा जन्म ४ मे १६५४ रोजी पेकिंग नगरीत, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये झाला. बालपणीच त्याला देवी आल्या. त्या जीवघेण्या दुखण्यातून तो वाचला आणि तेच दुखणे त्याच्या भाग्योदयाचे कारण ठरले. १६६१ साली त्याचा पिता देवीनेच दगावला, तेव्हा ज्याला तो रोग पुन्हा होण्याचे भय नाही असा पुत्र म्हणून राज्य त्याच्याकडे आले. त्या वेळी त्याला सात वर्षेही पुरी झाली नव्हती! कारभार चार पालकांच्या हाती होता. त्यांतील शिरजोर झालेल्या ओबोई या सरदाराला १६६९ साली कैद करून पंधरा वर्षांच्या या पोराने सत्ता हाती घेतली. इकडे १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तिकडे विशीतला कांगशी दक्षिण चीनमधील एक मोठे बंड मोडण्यात गुंतला होता. ते १६८१ साली शमले.

सिंहासनावर बसूनही विद्यार्थी राहण्याची हौस हा या राजाचा विशेष गुण. त्याच्या दरबारी जेझुइट पंथाचे युरोपीय पाद्री होते. पोर्तुगालच्या आश्रयाने तिकडे जाणाऱ्या पाद्र्यांची वाट आपल्या गोव्यावरून मकावला जात असे. या परकीयांकडून कांगशी भूमिती व ज्योतिष शिकला. १६९३ साली त्याला हिवतापाने ग्रासले, तेव्हा पाद्र्यांनी दिलेल्या सिंकोना सालीच्या औषधाने तो बरा झाला. कृतज्ञ बादशहाने त्यांना राजनगरीत जागा दिली. त्या जागेच्या शेजारीच १६९६ साली दरबारी काचकारखाना उभा राहिला. त्याची उभारणी किलियान स्टुंफ या जर्मन पाद्र्याकडे होती आणि भट्टीवर राबणारे कारागीर शांतुंग व कँटन प्रांतांतून आलेले चिनी होते.

तपकीरही चीनला युरोपीयांकडूनच मिळाली. पश्चिमेकडे ती डबीत ठेवीत. चिन्यांनी मात्र तिच्यासाठी औषधाच्या बाटलीसारखी लहान कुपी पसंत केली. घट्ट बुचामुळे तपकीर दमट होत नसे आणि बुचालाच जोडलेल्या बारीक चमच्याने ती चिमूटभर काढता येई. पुढे या कारखान्याच्या परंपरेत कोरीव काचेची कला फुलली. पांढऱ्या काचेच्या कुपीवर तांबड्या किंवा निळ्या काचेचा थर चढवीत. मग फिरत्या चाकावर, ओल्या कठीण पुडीने तो थर नको तेथे झिजवीत. उरलेल्या रंगातून कमळ, मासा अथवा पर्वत उठून दिसे. काचेला छिन्नी सोसत नाही. येथे कोरणे म्हणजे धीराने झिजवणे! हात जरासा चुकला की अनेक दिवसांची मेहनत वाया.

कांगशीची अखेर मात्र सुखाची नव्हती. युवराजाचे वर्तन बिघडल्याने १७०८ साली आणि फिरून १७१२ साली त्याला पदच्युत करावे लागले. तिकडे रोमच्या पोपने चिनी ख्रिस्त्यांना पूर्वजपूजेचे विधी करण्यास मनाई केली. आपल्या प्रजेचे आचार दूरदेशीच्या सत्तेने ठरवावेत, हे बादशहाला कसे रुचावे? १७२१ साली त्याने ख्रिस्ती धर्मप्रसारास बंदी केली. ज्यांच्यापाशी तो शिकला, त्यांच्या पंथाशीच असे वितुष्ट आले. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विद्वान म्हणून दरबारात असलेल्या पाद्र्यांना त्याने घालवून दिले नाही आणि काचेची भट्टीही विझली नाही. परक्याची विद्या तोवर चिनी कारागिरांच्या हातात मुरून चिनी झाली होती.

एकसष्ट वर्षे राज्य करून २० डिसेंबर १७२२ रोजी कांगशी निवर्तला. १९१२ साली त्याच्या वंशाचे राज्य संपले, तपकिरीची चालही मागे पडली. कुप्या तेवढ्या राहिल्या. बीजिंग व तैपेई येथील राजसंग्रहालयांत त्या पाहावयास मिळतात. खुद्द कांगशीच्या काळची म्हणून निःशंकपणे दाखविता येईल अशी काचेची कुपी दुर्मिळ. संग्राहकांच्या हाती लागणाऱ्या कोरीव कुप्या बहुतेक पुढच्या दीडदोन शतकांतील. म्हणून जाणता संग्राहक तळावरील राजमुद्रेवर विसंबत नाही, कारण मुद्रा मागाहूनही कोरता येते. तो पाहतो ते कोरणीची धार, थरांची सफाई आणि आतील पोकळीची नजाकत.

विद्यार्थिमित्रांनो, माणसाची पारखही आम्हांस अशीच करावीशी वाटते. कांगशी बादशहा होता ही त्याच्यावरची मुद्रा झाली. परक्यापाशी शिकण्यात त्याने कमीपणा मानला नाही आणि शिकताना आपले स्वत्वही गमावले नाही, ही त्याच्या जीवनाची खरी कोरणी होय.